तापल्यावर

सलमाबादच्या आमच्या गल्लीत सकाळी सातला
कुठलीच गाडी आजारी नसते.
उम्म जासिमची तर नाहीच.
शेजारपाजारची सात पोरं शाळेत सोडून ती येते,
इंजिन चालूच ठेवते, म्हणते, ऐक.
ऐकतो. शिवणयंत्रासारखं एकसंध.
"दुपारी खोकते," म्हणते ती,
"पोरांना घेऊन परतताना, सिग्नलला, एसी चालू असला की.
हिसके देते. तो पिवळा दिवा डोळा मिचकावतो."

कुरियन म्हणतो, पेट्रोल खराब.
शमशुल म्हणतो, जिन्न.
मी म्हणतो, बसा. ऊन चढू दे.

गडहिंग्लजच्या आयटीआयत मगदूम सरांनी
फळ्यावर कॉइल काढली होती:
तांब्याची दोन वेटोळी,
एक जाड, मोजक्या वेढ्यांचं,
एक केसासारखं, हजारो वेढ्यांचं.
आत जातात बॅटरीचे बारा व्होल्ट,
बाहेर येतात वीस-तीस हजार,
एका ठिणगीपुरते.
बाराचे तीस हजार!
त्या हिशेबाला भुलूनच
मी पासपोर्ट काढला असेन.

सरांनी हे नव्हतं सांगितलं, की
बाहेर पंचेचाळीस, बॉनेटखाली शंभरावर,
त्यात तारेवरचा वार्निशचा थर
वर्षानुवर्षं फुगतो, आकसतो, फुगतो
आणि कधीतरी तडकतो.
गार असताना तडा मिटलेला.
तापला की उघडतो,
मग वीज प्लगपर्यंत जायचा कंटाळा करते,
आडवाटेनं लोखंडात उतरते.

साडेबारा. बॉनेटला हात लाववत नाही.
गाडी खोकली एकदाची,
उम्म जासिम जिंकल्यासारखी हसली.
मशीन म्हणालं, दोन नंबर.
मशीनवर माझा अर्धाच विश्वास.
दोनाची कॉइल तिनात घातली, तिनाची दोनात.
खोकला तिनात गेला.
शेजाऱ्याच्या घरी जाऊनही जी तशीच खोकते,
तिचाच तो खोकला.

प्लग काढले. टोकं झिजून फट रुंदावलेली,
एवढी लांब उडी रोज मारायची
म्हणजे कुणाचीही कंबर मोडेल.
लोक कॉइलला शिव्या घालतात,
निम्म्या वेळा तिला प्लगनं मारलेलं असतं.
वर दोन नंबरच्या विहिरीत ऑइल,
गॅस्केट ठिबकतंय, रबराचं बूट भिजून मऊ.
हे तसंच ठेवून नवी कॉइल बसवणं म्हणजे
गळक्या छपराखाली नवी गादी.

"चारही बदलू?"
खरं सांगितलं. मेली ही एकच.
पण तिघी हिच्याच वयाच्या,
एक लाख ऐंशी हजार किलोमीटर बरोबरीनं जळलेल्या.
पैसे असतील तर चारही.
नसतील तर ही एक, प्लग चारही, गॅस्केट.
दोन दिनारच्या नकली डबीतली नको,
मागे एकाला बसवून दिली होती,
तीन महिन्यांत तो परत आला,
आणि माझ्याशी बोलला नाही, कुरियनशी बोलला.
आणि दिवा मिचकावत असताना रेटू नका,
न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन
सायलेन्सरमधली महागडी जाळी जाळतं.

तिनं नोटा दोनदा मोजल्या. एक घेतली.
"बाकीच्या, पोरांच्या आया पैसे देतील तेव्हा."
गेली, सात डबे, सात दप्तरं आणायला.

घरी फोन करतो मी पहाटे साडेपाचला.
तिकडे आठ. शालनचा स्वयंपाक आवरत आलेला.
कसे आहात? एकदम बरा.
अकरा वर्षं, एकदम बरा.

आज मेलेली कॉइल खिशातच राहिली होती,
अजून कोमट.
हात पुसले आणि भर दुपारी एकला नंबर लावला.
"अहो, या वेळी? काय झालं?"
काही नाही म्हणायला तोंड उघडलं,
शब्द पेटला नाही.
परत एकदा. नाही.
मागे शमशुलनं कंप्रेसर बंद केला.
"थांबा," म्हणाली ती, "गॅस बारीक करून येते."