पट्टा न लावता

तीस वर्षं मी माणसांकडे पाठ करून बसले.
ऑर्गनच्या माथ्यावर तळहाताएवढा आरसा,
त्यात पाळक उर्मस, त्याचा हलणारा हात,
पहिल्या तीन बाकांवरच्या लोकरी टोप्या.
सगळं उलटं, सगळं नखाएवढं.
मला पुरत होतं.
नाव वाइके. आमच्या भाषेत त्यात शांतता ऐकू येते.
हीउमा बेटावरचे म्हणत, आईनं नाव ठेवलं नि हिनं ते पाळलं.

त्या कोळ्याची गोष्ट अकरा वेळा आली माझ्या वाट्याला.
वादळ, नाव, आणि लाटांवरून आलेली हाक.
उर्मसचा आवाज तिथं दरवेळी थोडा चढतो
आणि मी दरवेळी पुढच्या स्तोत्राचं पान शोधत असते.
म्हणजे तो नावेबाहेर पाय टाकतो
नेमकं तेव्हाच माझं लक्ष नसतं.

पत्र आलं तीन हिवाळ्यांपूर्वी, तालिनच्या तुरुंगातून.
"पायपेटी आहे. वाजवणारं कुणी नाही.
गाणारे नऊजण, त्यांतले दोघे बरे."
खाली सही राइवोची, सहीखाली खाडाखोड.
मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं.
पहिल्या वर्षी मांजर आजारी होतं.
दुसऱ्या वर्षी लाकडं फोडायची होती.
तिसऱ्या वर्षी प्रार्थनेतच सांगून टाकलं,
प्रभू, मला बोट लागते.
त्याच जानेवारीत समुद्र गोठला
आणि बर्फावरून मोटारींचा रस्ता खुला झाला.

किनाऱ्यावर नारिंगी जाकिटातला माणूस
हवामान सांगावं तसे नियम सांगत होता:
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर लांब राहा.
मध्ये थांबू नका.
अगदी हळू चालेल, बऱ्यापैकी जोरात चालेल,
मधला वेग नको, त्यानं खाली लाट उठते.
आणि पट्टा काढा.
"काढू?"
"बांधलेला माणूस बुडतो, बाई."

तीस वर्षांच्या प्रवचनांत हे येऊनही गेलं असेल.
मी पान शोधत असेन.

सव्वीस किलोमीटर. कडेला रोवलेल्या ज्युनिपरच्या फांद्या,
आणि खाली पाणी. दिसत नव्हतं, पण बोलत होतं,
लांब कुणी जाड कापड टरकावावं तसं.
प्रार्थना म्हणायला गेले तर शब्द फुटेना.
मग स्टिअरिंगवर बोटांनी वाजवली,
पहिली ओळ, डाव्या हाताची, पुन्हा पहिलीच ओळ.
धैर्य वगैरे नव्हतं ते.
भीती शेजारच्या सीटवर बसली होती,
पट्टा तिनंही लावला नव्हता.
फक्त पुढं कुणीतरी आहे एवढं कळत होतं,
अडीचशे मीटरवर, धुक्यातल्या लाल दिव्यासारखं.
थांबत नव्हतं,
दिसेनासंही होत नव्हतं.

तुरुंगात आरसा नव्हता.
पायपेटी खोलीच्या मधोमध, आणि तिच्या पलीकडे
नऊ चेहरे, सरळ, पूर्ण आकाराचे.
एकाच्या पापणीवर व्रण.
एकाचं बटण चुकीच्या काजात.
राइवो माझ्या भाच्याच्या वयाचा.
जमिनीकडे बघत म्हणाला,
"आम्हाला वाटलं पत्र पोचलंच नाही."
पिठाच्या डब्याचं मी बोलले नाही.
म्हटलं, "पत्र पोचलं होतं. मी पोचायची होते."

गाणं? भसाडं.
राइवो सुराच्या जरासा खाली,
शेवटपर्यंत तिथंच, इमानानं.
दुसऱ्या कडव्याला मीच खालच्या पट्टीत उतरले,
तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

परत बंदरावर आले तर अडसर पडलेला.
सूर्य बुडाला की रस्ता बंद, हाही एक नियम.
माझ्याकडे कंगवा नव्हता, झोपायचे कपडे नव्हते,
ओळखीचं एक दार नव्हतं त्या गावात.
"उद्या सकाळी उघडेल," नारिंगी जाकीट म्हणालं.
मी विचारलं, "आणि गुरुवारी?"
त्याला काय ठाऊक,
बुधवारी ते पुन्हा गातात.