ब्रेकचा वास

वांकायोच्या पठारावर दुपारचे सव्वाबारा.
निल्दा वारांगा कोकाचा चहा फुंकत असते,
तोच पडद्यावरची रेघ ताडकन उभी राहते
आणि कोपऱ्यातला लघुलहरी रेडिओ
बोलता बोलता मुका होतो,
जंगलाकडच्या कुणाचं तरी वाक्य अर्ध्यावर टाकून.

आठ मिनिटांपूर्वी तिकडे, सूर्यावर,
पिळावर पीळ चढलेल्या चुंबकरेषा
तुटल्या, भलत्याच टोकांशी जुळल्या.
त्या हिसक्याने सुटलेले इलेक्ट्रॉन
कमानीच्या दोन्ही पायांकडे उतरले
मोकाट,
खालच्या दाट थरात घुसले
आणि अडले.
त्या अडण्यातून थोडे क्ष-किरण;
बाकी सगळी धग.

कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं
तेव्हा तिला पुस्तकातून वास आला होता.
एउसेबियोचा ट्रक, मागे बटाट्यांची पोती,
तिक्लियोचा उतार,
ड्रम लालबुंद,
केबिनभर जळकट.
‘वास येतोय ना? म्हणजे लागतोय ब्रेक,’
वडील म्हणायचे, पुढ्यातल्या वळणावरून नजर न काढता.

कठीण किरण मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतात.
मऊ रेंगाळतात:
धगीने उसळलेला वायू कमानीत भरून
तासभर तापत राहतो,
जसे खाली पोचल्यावर वडील
चाकापाशी दगडावर बसून राहायचे
ड्रम निवेपर्यंत.
हात थरथरायचे. ती पाहायची नाही.

निल्दा वहीत वेळ टिपते.
चहावर साय धरावी तशी गार चकाकी.

मग रेडिओ खरखरतो.
ते अर्धं वाक्य काही परत येत नाही;
दुसराच कुणी केळ्यांचा भाव विचारतो.