मार्चमधले पंधरा दिवस

मी पाणी मारणारा माणूस.
डिसेंबरात रात्री अकरानंतर
कॉश्शाचे दिवे विझत आले की
रबरी नळी खांद्यावर टाकून
टेनिसच्या मैदानावर पाणी सोडायचं,
पातळ, साईसारखं, थरावर थर.
घाई केली की बर्फाला फोड येतात,
भाजल्यासारखे.

सकाळी सहाला ती यायची,
एटेल्का होर्न्याक, औषधवाल्याची धाकटी.
कोटाच्या खिशात उकडलेला बटाटा
हात शेकायला. मग तोच न्याहारीला.

दोन वर्तुळं काढायची, एकमेकांना खेटून,
एक उजव्या पायाचं, एक डाव्या.
पुन्हा त्याच रेघेवरून. पुन्हा. तिसऱ्यांदा.
मग गुडघ्यांवर बसून वितीनं मोजायची.
डाव्याचं नेहमी बोटभर मोठं.
"हा पाय हावरा आहे," म्हणायची.

बर्फ घालण्याआधी चुन्याच्या रेघा
खरवडून काढायच्या, हा क्लबाचा नियम.
एका नोव्हेंबरात ती म्हणाली, राहू द्या.
खाली घर दिसलं की बरं वाटतं.
राहू दिल्या.
सेक्रेटरीसाहेबांना चष्मा होता, पण ते तो लावत नसत.

जूनमध्ये मी लाल माती चाळायचो, रूळ फिरवायचो.
ती पायघोळ पांढऱ्या झग्यात,
केसांत पंधरा-वीस आकडे, तरी बट सुटलेलीच.
बॅकहँडला इतर बायका दोन पावलं टाकत
तिथं ती एका चवड्यावर फिरायची.
संध्याकाळी झाडताना मातीत सापडायचा
वर्तुळाचा एक तुकडा,
डाव्या पायाचा.
तेवढा भाग मी शेवटी झाडायचो.

बाराव्या साली ती दोन्हीकडे दुसरी आली.
फेब्रुवारीत बुडापेस्टला,
पंच बर्फावर ओणवे होऊन रेघा तपासत होते म्हणे.
ऑगस्टमध्ये पोझोन्यला, तिसऱ्या सेटमध्ये, उन्हात.
वर्तमानपत्राचा माणूस आला वही घेऊन:
"दोन्हीतलं खरं आवडतं कोणतं?"
बापही तेच विचारत होता त्या दिवसांत,
स्थळांची नावं घेऊन.
तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "मार्च."
त्यानं लिहून घेतलं.
छापलं मात्र "टेनिस".

मार्च म्हणजे ते पंधरा दिवस
ज्यांना मी शिव्या घालतो.
बर्फ सुटलेला, माती धरत नाही,
घोट्याएवढा राडा,
रूळ रुततो, जाळीचे खांब कलंडतात.
फाटकाला कुलूप.
ती कुंपणावरून यायची भावाचे गमबूट घालून
आणि मधोमध उभी राहायची.
हातात रॅकेट नाही, खांद्यावर स्केट्स नाहीत.
काय करताय, मी विचारलं एकदा.
"काही नाही. इथं नंबर काढत नाहीत."

ती गेल्यावर पाहिलं:
कुंपणापासून मध्यापर्यंत ठसे, सरळ,
मध्यापासून कुंपणापर्यंत, सरळ.
डावा जरा खोल.
हळूहळू पाणी भरत होतं त्यांत.

रात्री पुन्हा गारठलं.
सकाळी प्रत्येक ठशात एकेक काच.
फावडं घेऊन गेलो होतो,
पण कडेकडेनंच चाललो.