ओळंबा

फैलका बेटावर गुरुवारी बोट येते.
बाकीचे दिवस उंट, वारा, आणि आम्ही नऊ जण.

पाचव्या आठवड्यात वाळूतून भिंत वर आली,
म्हणजे आम्हीच खाली गेलो तिच्यापाशी,
ब्रश घेऊन, झोपलेल्या पोराचं तोंड पुसावं तसे.
गिलाव्यात क्रूस. पायाशी खजुरीची दोन पानं.
ओदिलबाई गुडघ्यांवर बसल्या, वही उघडायच्या विसरल्या.
मग शतकं मोजू लागल्या: इथे मठ होता,
साधू शिंपले जाळून चुना करत,
आणि हे हिरवं पडलेलं नाणं रूमच्या बादशहाचं,
कुणाच्या कंबरेला बांधून आलं कोण जाणे.

मी गवंडी, शृंगारतळीचा. मला शतकं कळत नाहीत.
मी ओळंबा सोडला.
उत्तरेची बाजू सरळ, नख शिरणार नाही अशा दर्जा.
दक्षिणेला तीन हातांवर भिंत दोन बोटं बाहेर,
आणि तिथून पुढे थापी उलट्या हाताची.

इथे पोरगं होतं कामाला, मी म्हटलं.
डावखुरं. नवं. ऊन डोक्यावर आलेलं.
उस्तादाने पाहिलं, शिवी दिली असेल
देवाच्या घरात चालेल एवढीच,
आणि पाडायला वेळ नव्हता म्हणून
चूक गिलाव्याखाली घातली.
ओदिलबाई हसल्या. अहवालात हे बसत नाही.

दुऐजचाचा गुरुवारी येतो.
थर्मास, दोन पेले, घडीची खुर्ची.
पलीकडे त्याचं घर, छप्पर नाही, भिंतीला गोळ्यांची भोकं.
नव्वदच्या ऑगस्टात किल्ली घेऊन निघाला
तो शहरातच म्हातारा झाला.
आमच्या खड्ड्यावरचा पत्रा, कुंपण, पाटी बघून विचारतो,
"माझ्या घरावर किती वाळू चढली
म्हणजे ही बाई येईल ब्रश घेऊन?"
चहात वेलची जास्त झालीये, मी म्हणतो.

रविवारी हुकूम आला:
भिंत जपायची, सरळ करायची नाही.
वीस वर्षं मी वाकडं दिसलं की पाडत आलो.
सालमियात, सातव्या मजल्यावर,
अर्ध्या बोटासाठी भाच्याला सगळ्यांसमोर बोललो.
मुदस्सर त्याच महिन्यात परत गेला.
रिक्षा चालवतो. ईदला फोन त्याची आई घेते.

चुना भिजवला, दोनदा चाळला,
वाकडेपणाला खालून टेकू दिला,
थापी न लावता, तळहाताने.
कुणी बघत नव्हतं तेव्हा
एक थर डाव्या हाताने लावून पाहिला.

पोराचा माझ्यापेक्षा बरा होता.