तिसऱ्या घुमटाखाली

रविवारी सूतगिरणी बंद.
थुई मॅडमचा मोबाइल बोलला,
बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात:
"कृपया मला जुने दाखवा."

जुने.
शिरपूरच्या चौकात गाडी उभी करून
मी दोन मिनिटं विचारात.
माझ्या ओळखीचं जुनं म्हणजे
गाडीचं मागचं टायर
आणि आईचे गुडघे.
मग म्हटलं, थाळनेरला नेऊ. आपलंच गाव,
डिझेलही कमी लागेल.

वाटेत केळीचे मळे लागले.
त्या खिडकीतून हसल्या. मोबाइल म्हणाला,
"माझी आई या पानात भात बांधते."
पुढेही काहीतरी म्हणत होता,
तेवढ्यात गतिरोधक आला.

त्यांच्या शहराचं नाव ह्वे.
मी तीनदा म्हणून पाहिलं,
तिन्ही वेळा बैल हाकल्यासारखं झालं.
तिथे नदी आहे, नदीकाठी राजांच्या समाध्या,
आणि एक राजवाडा,
त्याच्या भिंतींना गोळ्यांची भोकं.
तिकीट काढून माणसं ती भोकं बघतात.

आमच्या किल्ल्याचा उरलासुरला बुरूज
तापीत पाय सोडून बसलेला.
भिंतीतल्या एका भोकात मॅडमनी बोट घातलं,
माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "पोपट."
लहानपणी पिल्लं काढायचो आम्ही त्यातून.
त्यांनी बोट तसंच ठेवलं, बराच वेळ,
वैद्य नाडी बघतो तसं.
मोबाइलला काही विचारलं नाही.
तेव्हा पहिल्यांदा मनात आलं,
पोपट नंतर आले असतील.

मग घुमट.
"कोन शे हाई?" शेळ्यांमागून दगाआप्पा ओरडला.
"पाव्हनी शे!"
पाव्हनीने उंबऱ्याशी चपला काढल्या.
मी बुटांसकट आत, तसाच.
इथे आम्ही पत्ते कुटले,
बारावीचा निकाल लागला त्या रात्री मी इथेच झोपलो,
हाक मारली की हाक परत येते
एवढंच या जागेचं मला माहीत.

पहिली कबर. दुसरी.
तिसरीपाशी त्यांनी पर्समधून तीन उदबत्त्या काढल्या,
लावल्या, वाकल्या.
"या राजाचे नाव काय?"

दगडावर अक्षरं होती, मला न येणारी.
बाहेरच्या पाटीवर फक्त
नुकसान केल्यास दंड किती, ते.
माहीत नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि निघालं, "हिलाल."

हिलाल माझा आजा. हिलाल कोळी.
पूल नव्हता तेव्हा इथून पलीकडे नाव चालवायचा,
उन्हाळ्यात वाळूत टरबुजं लावायचा.
त्याला जाळलं ती जागा खाली नदीत,
आता तिथे डंपर वळतात.

मॅडम वहीत लिहीत होत्या,
डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं.
"तो कसा राजा होता?"

आता मागे फिरणं अवघड.
म्हणून खरं तेच सांगितलं:
"लोकांना पलीकडे न्यायचा.
बाळंतिणीकडून पैसे घ्यायचा नाही."
मोबाइलला उलथवायला वेळ लागला.
मॅडम ऐकत राहिल्या, मग पुन्हा वाकल्या,
मघापेक्षा जरा जास्तच.

दुपारी दगाआप्पाकडे भरीत, कळण्याची भाकर.
ठेचा लागून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं,
मी माझंही त्यातच उरकून घेतलं.

मशीन बसलं, त्या गेल्या.
दूर कुठल्या तरी कपाटात एका वहीत
माझा आजा थाळनेरचा सुलतान आहे.
मला अधूनमधून घाम फुटतो.
तिसऱ्या घुमटात जातो तेव्हा बूट बाहेर काढतो,
कोणासाठी, ते अजून ठरलेलं नाही.

परवा धुळ्याच्या एका सरांचा फोन आला,
त्यांना ती अक्षरं वाचता येतात म्हणे,
गाडीचं भाडं विचारत होते.
म्हटलं, या तुम्ही.
डिझेल माझं.