वाकड्या मानेचा मोर

चिंचोळीच्या एमआयडीसीत बाहेर त्रेचाळीस,
फ्रीजरमध्ये उणे वीस.
मधल्या खोलीत मी, आणि तळहाताएवढं यंत्र
रात्रभर लस वाचत बसलेलं,
ए जी जी, टी ए सी, पुन्हा जी.

राणीखेतची लस. आमच्याकडे या रोगाला मानमोडी म्हणतात.
नाव ज्यानं ठेवलं, त्यानं पिल्लू मरताना बघितलं असणार.
बाटलीतला विषाणू त्याच घरातला, फक्त मवाळ.
एका जागी चार-पाच अक्षरं बदलली
की माना मोडायला शिकेल.
म्हणून मी आधी ती जागा बघते,
बाकीचं गाव नंतर.

वडील, राजेशम यमुल, कन्ना चौकामागच्या कारखान्यात
जकार्डचे पुठ्ठे टोचायचे.
भोक असेल तिथं दोरा वर, नसेल तिथं खाली,
एवढ्यावर ते अख्खा मोर लिहायचे.
मराठीत फक्त सही यायची.
एकदा चार पुठ्ठ्यांवर भोकं एकेक घर सरकली
आणि ऐंशी चादरींवर सगळ्या मोरांच्या माना वाकड्या.
मालकानं पगारातून कापले.
"तप्पु," वडील म्हणाले, म्हणजे चूक, आणि गप्प झाले.
त्यातली एक घरी आणली.
ती पांघरून मी बारावीचा अभ्यास केला.

बॅच एकेचाळीस.
मानेची जागा जशीच्या तशी, एक अक्षर हललेलं नाही.
अंड्यांतली चाचणी पास. रंग पास. झाकण पास.
पण पाच लाख तुकड्यांत दोनशे बारा तुकडे
राणीखेतचे नव्हते, कोंबडीचेही नव्हते.
जुळवत गेले तर पंडुरोगाचा विषाणू निघाला,
पिल्लांचं रक्त पाण्यासारखं करणारा.
अंड्यांबरोबर आला असेल,
लग्नात ना मुलाकडचा ना मुलीकडचा
एकजण जेवून जातो, तसा.

हत्तुरे साहेबांनी कागद लांब धरला.
"पाच लाखांत दोनशे बारा? यंत्रालाही भास होतात, बाई."
होतात. म्हणून नव्या नळ्या, नवं पाणी, पुन्हा पहिल्यापासून.
पहाटे साडेचारला एकशे अठ्ठ्याण्णव.
भास इतका हिशेबानं येत नाही.
डब्यातली कडक भाकरी तशीच राहिली होती,
ती मोडून खाल्ली आणि "रद्द"वर सही केली.

अकरा हजार बाटल्या वाफेत गेल्या.

दुपारी वैरागहून जैतुनबी मुलाणींचा फोन.
दोन हजार पिल्लं, सातवा दिवस उलटून गेलेला.
"लस कधी, मॅडम?"
पुढच्या आठवड्यात, मी म्हणाले.
"शेजारच्या शेडात माना वळायला लागल्यात."
यावर वाचायला माझ्याकडे काही नव्हतं.
चुना टाका, माणसं येऊ देऊ नका,
असलं काहीबाही सांगत राहिले.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हे जास्त लागलं.

रात्री वडिलांना सांगितलं.
त्यांना आता कमी दिसतं, ऐकू नीट येतं.
"मग एक तरी घरी आणलीस का?"
नाही अप्पा, ही आणता येत नाही.
त्यांनी मान डोलावली. पायाशी तीच चादर होती,
धुऊन धुऊन मोर पांढरा पडलेला,
मान तेवढी अजून वाकडी.

बेचाळीस यंत्रावर चढवली आहे.
वैरागहून आज फोन नाही.