मागणी क्रमांक सात

फेरीबोटीवरच्या कामगारांचं मागणीपत्र
मी टाइप केलं, पणजीत, बेकरीच्या वरच्या खोलीत.
भट्टीची धग पायांखालून येत होती
आणि कायतान सांगत होता, डोळे मिटून:
एक, हंगामींना कायम करा.
दोन, सोळा तासांची पाळी बंद.
तीन, चार, पाच : पगारश्रेणी, थकबाकी, गणवेशाचे दोन जोड.
सहा, इंजिनवाल्यांच्या कानांना बोंडं.
आणि सात?
तो थांबला. "धक्क्यार मुतपाक जागो," म्हणाला,
"बरय मरे, लजता कित्याक?"

मी लिहिलं, स्वच्छतागृह.
त्याने ते खोडलं नाही, नुसतं
बाजूला पेन्सिलीने लिहिलं : म्हणजे मुतारी.

सचिवालयातल्या थंड खोलीत
साहेब सातव्या कलमावर हसले.
"नदी आहे की तुमच्याकडे, एवढी मोठी!"
यशवंती हळर्णकर, गाड्यांची तिकिटं फाडणारी,
शिष्टमंडळातली एकटी बाई,
पदर सारखा करून म्हणाली,
"साहेब, मी पहाटे पाचला घर सोडते
आणि दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नाही.
तुमच्या टेबलावर चार ग्लास आहेत."

संपाचे तीन दिवस
बोटी चिखलात नाक खुपसून पडल्या.
दिवाडीच्या लोकांनी शिव्या दिल्या,
माझ्या मामेभावानेही. त्याची मासळी
अलीकडेच सडली.
त्याचं काही चुकलं नव्हतं.
आमचंही.

एक ते सहा : काही मिळालं, काही अर्धं,
एक कलम अजून कोर्टात तारखा खातंय.
सातला अकरा वर्षं लागली.

तोवर कायतान निवृत्त झाला होता,
साखरेने एक पायही नेला होता.
त्याला रिक्षातून आणलं.
निळी फरशी, दोन दारं,
कोनशिलेवर आमच्यातलं एकही नाव नाही.
कुबडी टेकत तो आत गेला,
बराच वेळ आलाच नाही.
बोट भरली, तरी सारंगाने दोरी सोडली नाही,
गाडीवाले हॉर्न मारत राहिले.
मग बाहेर येऊन म्हणाला, "नळाक उदक ना,"
आणि खिशातून पेन्सिल काढली.

काल सांजेला तिथल्या साफसफाईचा पोरगा भेटला,
कंत्राटदाराचा, बागलकोटकडचा,
किल्ली गळ्यात सुतळीला.
"सायेब, युनियनमध्ये आम्ही बसतो का?"
युनियनच्या घटनेत कंत्राटी हा शब्दच नाही,
मी तीनदा वाचलीय.
तरी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सरळ केला.
नाव : मल्लेश हुगार.
वर्गणी : दहा रुपये.
हुद्दा :
आणि तिथं पेन अडलं.
पलीकडून बोट सुटली होती.
"लिहा ना," तो म्हणाला,
"किल्लीवाला."